सांध्यावर अडणारी छोटी गाडी

सरळ रुळावर गाडी छान धावते, वळणही घेते, आणि रुळाला फाटा फुटतो त्या सांध्यावर आली की मध्येच थांबते. बोटानं जरा ढकललं की पुन्हा चालू लागते. घरी मॉडेल रेल्वे मांडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव येतो. त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात: कंट्रोलरची कळ आणखी फिरवायची आणि गाडी वेगात सांध्यापलीकडे काढायची. ही सवय सोडावी म्हणून हा लेख लिहितो आहे. सांध्यावर थांबणाऱ्या गाडीची मोटर बहुधा ठणठणीत असते. खंड पडलेला असतो तो रुळातून चाकात आणि चाकातून मोटरीत जाणाऱ्या करंटमध्ये. तो कुठे पडतो हे अर्ध्या तासात शोधता येतं, आणि जागा सापडली की दुरुस्ती फारशी खर्चाची राहत नाही.

लिहिताना डोळ्यांसमोर कुंडमसारख्या गावातले वाचक आहेत. जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, हिरन नदीच्या उगमाचं हे गाव. इथे रेल्वे स्टेशन नाही, मग मॉडेल रेल्वेचं दुकान कुठून असणार? तयार सुटा भाग मागवायचा तर वाट पाहावी लागते. पण इलेक्ट्रिकचं दुकान, मोटारसायकलचं गॅरेज आणि जुने रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कुणीतरी अशा गावातही असतो. खालचे बहुतेक उपाय तेवढ्यावर भागतात.

या भागातल्या माणसाला घरात कुठली गाडी मांडावीशी वाटेल, तर जबलपूर–नैनपूर–गोंदियाची नॅरोगेज. बंगाल नागपूर रेल्वेनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टाकलेला हा मार्ग. हाऊबाग, ग्वारीघाट, पुढे नैनपूर, बालाघाट आणि गोंदिया. जबलपूरकडची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली आणि रूळ ब्रॉडगेज झाले. नैनपूर तर जबलपूर, गोंदिया, छिंदवाडा आणि मंडला अशा चारही बाजूंच्या नॅरोगेजचं जंक्शन होतं. त्याच्या यार्डाचं मॉडेल करायचं म्हणजे सांधेच सांधे. खरं इंजिन जवळून बघून मापं घ्यायची असतील तर नागपूरला मोतीबागचं नॅरोगेज रेल संग्रहालय आहे.

हिशेब सोपा आहे. या मार्गाचं गेज ७६२ मिलिमीटर होतं. एचओ म्हणजे १:८७ प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर भरतं, म्हणून बाजारात मिळणारा एन गेजचा ९ मिलिमीटरचा रूळ त्याला चपखल बसतो. ब्रॉडगेजचं असं जमत नाही: १६७६ मिलिमीटर १:८७ मध्ये १९ मिलिमीटरच्या वर जातात आणि एचओचा रूळ साडेसोळाचाच असतो. नॅरोगेजचं मॉडेल त्या बाबतीत सुखाचं. अडचण दुसरीकडे येते. ही इंजिनं आखूड, हलकी आणि संथ, आणि सांध्यावर थांबायला नेमके हेच तीन गुण पुरतात.

संथ म्हणजे किती, तेही मोजून घ्या. यार्डात ताशी १५ किलोमीटरनं सरकणारी गाडी १:८७ मध्ये सेकंदाला पाचेक सेंटिमीटर जाते. सांध्यात दोन सेंटिमीटरचा तुकडा करंटविना असेल, तर चाक जवळजवळ अर्धा सेकंद त्यावर राहणार. विजेवर चालणारी खरी इंजिनंही करंट नसलेला टप्पा ओलांडतात. ओव्हरहेड तारेत ठरावीक अंतरावर न्यूट्रल सेक्शन येतो, तिथे लोको पायलट सर्किट ब्रेकर उघडतो आणि गाडी नुसत्या वेगाच्या जोरावर पुढे जाते. तिच्यामागे शेकडो टन वजन असतं. मॉडेलमध्ये लांबी ८७ पट कमी होते, पण वजन ८७ च्या घनानं, म्हणजे साडेसहा लाख पटींनी कमी होतं. १०० टनांचं इंजिन दीडशे ग्रॅमवर येतं. मोटरीच्या आसावर जड फ्लायव्हील असेल तर थोडा जोर उरतो, पण नॅरोगेजच्या चिमुकल्या इंजिनात फ्लायव्हीलला जागाच नसते. त्यामुळे करंट अखंड मिळत राहील अशी व्यवस्था करणं एवढाच रस्ता राहतो.

दोन रुळांच्या पद्धतीत एक रूळ धन आणि एक ऋण. सांध्यात डावीकडचा एक रूळ उजवीकडच्या एका रुळाला छेदतो, आणि छेदतो तिथे विरुद्ध ध्रुव एकमेकांना भिडू नयेत म्हणून काहीतरी करावं लागतं. त्या इंग्रजी व्हीच्या आकाराच्या तुकड्याला मॉडेलवाले फ्रॉग म्हणतात. काही कंपन्या तो प्लॅस्टिकचा करतात: शॉर्ट होत नाही, पण करंटही मिळत नाही. काही तो धातूचा करतात: करंट मिळतो, पण सांधा ज्या बाजूला वळवला असेल त्या बाजूचा ध्रुव त्याला द्यावा लागतो. पेको कंपनीच्या सांध्यांवर इन्सुलफ्रॉग आणि इलेक्ट्रोफ्रॉग अशी नावं असतात ती याचीच. नव्या युनिफ्रॉगमध्ये धातूचा फ्रॉग सगळीकडून वेगळा ठेवलेला असतो आणि त्याची वायर खाली मोकळी सोडलेली असते, हवी तर जोडा. जर्मनीच्या मार्कलिनच्या एचओ गाड्यांना हा त्रासच नाही. तिथे दोन्ही रुळांचा ध्रुव एक असतो, दुसरा ध्रुव मधल्या बारीक खिळ्यांतून मिळतो आणि इंजिनाखालची लांब पट्टी त्यांवरून घसरत जाते. तुमच्या सांध्यात कुठला फ्रॉग आहे ते सगळ्यात आधी बघून ठेवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आता निदान. गाडी थांबली की तिला हात लावू नका. आधी कंट्रोलरकडे बघा. ओव्हरलोडचा दिवा लागला असेल, किंवा लेआउटवरच्या बाकीच्या गाड्याही थांबल्या असतील, तर तो शॉर्ट आहे. बाकी सगळं चालू आणि हीच गाडी मुकाट उभी, तर करंट तुटला आहे. चाकं फिरताहेत पण गाडी सरकत नाही, तर विजेचा प्रश्नच नाही. गाडी पोटावर टेकली आहे किंवा चाक अधांतरी आहे. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पुष्कळांचा सगळा वेळ वाया जातो तो शॉर्ट असताना रूळ पुसत बसल्यानं.

मग थांबलेल्या जागी प्रत्येक चाकासमोर स्लीपरवर पेन्सिलीनं खूण करा. गाडी उलटी फिरवून त्याच दिशेनं पुन्हा हळू आणा, दुसरं इंजिन आणा, सांधा दुसऱ्या बाजूला वळवून बघा. सगळी इंजिनं एकाच जागी अडत असतील तर दोष रुळात. एकच अडत असेल तर त्या इंजिनात. एका बाजूला वळवल्यावरच अडत असेल तर संशय सरकणाऱ्या पात्यांवर. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

रुळातला दोष शोधायला बहुतेक जण मल्टिमीटर घेतात आणि तो ‘व्होल्ट बरोबर आहेत’ असं सांगून फसवतो. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे कुजका जोडही त्याला चांगला दिसतो. गॅरेजमधून मोटारसायकलचा १२ व्होल्ट ५ वॅटचा पार्किंग बल्ब आणा, त्याला दोन वायर जोडा. तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे जवळजवळ एका इंजिनाएवढा. कंट्रोलर पूर्ण उघडून बल्ब सांध्याच्या अलीकडे रुळांना लावा, मग पलीकडे लावा, मग एक वायर समोरच्या स्थिर रुळाला आणि दुसरी पात्याला असं एकेक ठिकाण तपासा. जिथे उजेड मंद झाला तिथे चोर सापडला. हळू चालताना इंजिनाला मिळत असतात जेमतेम ३–४ व्होल्ट. जोडात ५ ओहमचा अडथळा असला, तर ०.२ अँपिअरलाही त्यातला एक व्होल्ट तिथेच गळतो. वेगात चालताना ही गळती लक्षातही येत नाही. म्हणून तर कळ फिरवली की गाडी सुटते आणि दोष तसाच राहतो.

सफाईपासून सुरुवात करा. कच्च्या रस्त्याची धूळ, पावसाळ्यातली दमट हवा आणि इंजिनातून गळणारं तेल यांचा काळा थर रुळावर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती फडक्यावर घेऊन रुळाचा माथा पुसा, आणि रुळाची आतली कडही पुसा, कारण चाकाची कड तिथे घासते. खिडक्या उघड्या ठेवा आणि कंट्रोलर बंद, कारण हा द्रव पेट घेतो. सँडपेपर कधीही वापरू नका. त्याच्या बारीक चरांत घाण आणखी धरते. चाकांसाठी तेच फडकं रुळांवर आडवं अंथरा. इंजिनाची एक बाजू त्यावर आणि दुसरी मोकळ्या रुळावर ठेवून, हातानं धरून चाकं फिरू द्या. फडक्यावर काळे पट्टे उमटतील. मग बाजू बदला. स्वच्छ रुळावर ४बी पेन्सिलीचा एक हलका हात फिरवला तर बरेच दिवस संपर्क चांगला राहतो. मात्र प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर पेन्सिल अजिबात नको. ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि जिथे तोडायचा तिथेच करंट जोडला जाईल.

सफाईनंतरही अडत असेल तर पात्यांकडे वळा. बऱ्याच सांध्यांत सरकणारं पातं बाजूच्या स्थिर रुळाला टेकतं आणि त्या टेकण्यातूनच पुढच्या रुळाला करंट मिळतो. टेकण्याची जागा केसाएवढी. तिथे धूळ, तेल किंवा खडी चिकटवताना ओघळलेलं पातळ फेव्हिकॉल गेलं की पुढचा सगळा फाटा मेला. पातं आणि स्थिर रूळ यांच्यामध्ये अल्कोहोलनं ओली केलेली जाड कागदाची पट्टी घालून, पातं बोटानं हलकेच दाबून पट्टी ओढून काढा. त्यानं सुधारणा झाली तर निदान पक्कं, पण ती फार दिवस टिकणार नाही. कायमचा इलाज म्हणजे पात्याच्या भरवशावर राहायचंच नाही, पुढच्या रुळाला स्वतंत्र वायरीनं करंट द्यायचा.

हा इलाज करताना एक भेद नीट समजून घ्यायला हवा. प्लॅस्टिक फ्रॉगच्या सांध्यात फ्रॉगनंतरच्या चारही रुळांना त्यांच्या त्यांच्या ध्रुवाची वायर थेट देता येते. धातूच्या इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये तसं केलंत तर लगेच शॉर्ट होईल. तिथे फ्रॉगमधून निघणाऱ्या आतल्या दोन्ही रुळांच्या टोकांना प्लॅस्टिकचे जोडतुकडे घालून ते पुढच्या रुळांपासून आधी तोडावे लागतात आणि वायर त्या तुकड्यांच्या पलीकडे द्यावी लागते. घरच्या लेआउटवर सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, विशेषतः दोन सांधे फ्रॉगला फ्रॉग लावून जोडले की.

वायर रुळाला डाग देऊन जोडताना २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न पुरतो. रुळाची बाहेरची बाजू खरवडून चकचकीत करा, वायरीच्या टोकाला आधी कथील लावून घ्या, दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओल्या कापसाचे बोळे ठेवा आणि दोन-तीन सेकंदांत काम उरका. राळेचा फ्लक्स वापरा. पत्र्याच्या कामाचं आम्लाचं पाणी नको. ते रूळ आणि वायर दोन्ही खातं. रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या चिमट्यांवर करंटसाठी कधीच अवलंबून राहू नका. पावसाळ्याचे एक-दोन हंगाम गेले की ते ढिले होतात, काळे पडतात. सांध्याच्या तिन्ही टोकांना वायर असावी, एवढा नियम पाळला तरी निम्म्या तक्रारी उगवत नाहीत.

आता फ्रॉग. धातूचा आणि वेगळा ठेवलेला असेल तर त्याला ध्रुव देणारा तीन टोकांचा स्विच हवा. त्यासाठी परदेशातून काही मागवायची गरज नाही. जिन्याच्या दिव्याला लावतात तो टू-वे स्विच हेच काम करतो. मधलं टोक फ्रॉगला, उरलेली दोन बाहेरच्या दोन रुळांना. सांधा वळवला की स्विचही वळवायचा. गाडी फ्रॉगवर येताच शॉर्ट झाला तर बाहेरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. हा स्विच वेगळ्या पेटीत, घराच्या २३० व्होल्टच्या वायरिंगपासून पूर्ण दूर ठेवा. एकाच बोर्डावर दोन्ही आणणं जिवावर बेतू शकतं, मुलं हाताळत असतील तर विचारच करू नका.

त्याहून चांगली युक्ती जुन्या रेडिओतल्या स्लाइड स्विचची. त्याच्या कळीला बारीक भोक पाडून त्यातून स्टीलची ताठ तार घाला, ती खालून वर आणून सांध्याची पाती सरकवणाऱ्या आडव्या पट्टीत अडकवा. कळ सरकवली की पाती आणि फ्रॉगचा ध्रुव दोन्ही एकाच वेळी बदलतात, विसरण्याचा प्रश्न राहत नाही. कळीची चाल पात्यांच्या चालीपेक्षा थोडी जास्त असते, ती तारेच्या लवचीकपणात सामावते. खऱ्या रेल्वेत सांधेवाला लिव्हर ओढायचा त्याच ढंगाची ही हाताळणी असल्यामुळे मला ती सांधा वळवणाऱ्या मोटरीपेक्षाही आवडते.

प्लॅस्टिकच्या फ्रॉगला करंट देता येत नाही, तिथे इंजिनाकडे बघावं लागतं. चार चाकांचं इंजिन फ्रॉगवर आलं की त्या बाजूचं एक चाक निकामी होतं. सगळा भार उरलेल्या एका चाकावर. त्या चाकावर पकडीसाठी रबराची कडी असेल तर ते करंट घेतच नाही, आणि इंजिन हमखास थांबणार. रबर असलेली चाकं एका बाजूला येत असतील तर उत्पादकाचं बिनरबरी चाक बसवा. ओढायची ताकद थोडी घटेल, चाल सुधारेल. नाहीतर मागच्या टेंडरच्या किंवा कायम जोडलेल्या पहिल्या डब्याच्या चाकांनाही करंट घ्यायला लावा. जुन्या रिलेमधल्या फॉस्फर ब्राँझच्या पात्या यासाठी उत्तम. पाती चाकाच्या मागच्या बाजूला जेमतेम टेकली पाहिजे, दाबली की चाक फिरायचं थांबतं. चाकं धातूची हवीत आणि एका बाजूची दुसरीपासून विजेच्या दृष्टीनं वेगळी. तिथून दोन पातळ, मऊ वायरी इंजिनात न्यायच्या. आखूड इंजिनाची करंट घेण्याची लांबी अशी दुप्पट होते, आणि माझ्या मते नॅरोगेजच्या मॉडेलला याहून मोठा फायदा दुसऱ्या कशानंही होत नाही.

डीसीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल वापरणाऱ्यांना इंजिनातल्या डिकोडरला कपॅसिटर जोडून खंडाचे क्षण भरून काढता येतात. साध्या डीसी इंजिनात मात्र मोटरीला थेट इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावू नका. दिशा बदलली की ध्रुव उलटतात आणि तो फुटतो.

शॉर्टचं कारण पुष्कळदा चाकांत असतं. चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर एचओच्या साडेसोळा मिलिमीटरच्या रुळावर साधारण साडेचौदा मिलिमीटर हवं. ते कमी असेल तर चाकाची पाठ उघड्या पात्याला घासते आणि विरुद्ध ध्रुव जोडले जातात. व्हर्नियर कॅलिपरनं प्रत्येक जोडी मोजा. कमी असेल तर चाकं हातानं पिळत किंचित बाहेर ओढा. दुसरा शॉर्ट इन्सुलफ्रॉगच्या टोकाशी होतो. तिथे दोन रूळ इतके जवळ येतात की रुंद चाक दोन्हींना एकदम टेकतं आणि ठिणगी दिसते. त्या दोन रुळांच्या माथ्यावर, प्लॅस्टिक संपतं तिथून पुढे काही मिलिमीटर, पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या. झिजला की पुन्हा द्यावा लागतो, पण काम चोख होतं.

राहिला अधांतरी चाकाचा प्रश्न. सांध्यावर स्टीलची पट्टी उभी धरून मागे टॉर्च लावा. फटीतून उजेड आला तर सांधा वाकला आहे. बहुतेक वेळा खिळा किंवा स्क्रू जास्त घट्ट केल्यानं मधला भाग खाली ओढला जातो. स्क्रू अर्धा फेरा सैल करून पुन्हा बघा. फ्रॉग आजूबाजूच्या रुळांपेक्षा वर आला असेल तर बारीक कानशीनं, हलक्या हातानं, सतत मोजत उतरवा.

पुण्याला गेलात तर कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली सुरू केलेलं लघुरेल्वे संग्रहालय पाहा. एचओ प्रमाणातला मोठा लेआउट तिथे प्रेक्षकांसमोर चालतो. गाड्यांपेक्षा थोडा वेळ नुसत्या सांध्यांवर नजर ठेवा.

नवा लेआउट मांडत असाल तर सांधा पक्का बसवण्याआधी तो टेबलावर सुटा ठेवून, दोन्ही दिशांनी, दोन्ही फाट्यांवर, तुमच्याकडच्या सगळ्यात आखूड इंजिनानं, कळ जेमतेम उघडून तपासा. वायरी याच वेळी खालून लावून घ्या. खडी सगळ्यात शेवटी टाका, पात्यांपाशी कोरडीच ठेवा, आणि गोंद सुकेपर्यंत पाती दर थोड्या वेळानं हलवत राहा.